हाक आणि पारख

उज्जैनला लोक वेळ विचारायला येतात, आणि हे आजचे नाही. भारतीय ज्योतिर्गणिताने आपले मूळ रेखावृत्त याच नगरीवरून नेले. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात क्षिप्रेजवळ वेधशाळा बांधली, ती अजून उभी आहे. पत्रिकेत मंगळ निघाला की आईबाप मंगलनाथाला पूजा घालायला इथे येतात. महाकालाचे मंदिर राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी नव्याने उभारले. शिंदेशाहीबरोबर या गावात मराठी घरे रुजली, आणि त्या घरांतही मुलीचे लग्न, जागेचा व्यवहार, परगावची नोकरी असा प्रश्न आला की आधी पंचांग उघडले जाते. पुढे काय करावे, कोणत्या वाटेने जावे, हा या शहराचा रोजचा प्रश्न आहे.

याच शहरात ख्रिस्ती माणसेही राहतात. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ मध्ये इंदूरला काम सुरू केले आणि पुढे उज्जैनलाही ठाणे केले. १९६८ मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चने उज्जैनला आपले मिशनक्षेत्र नेमले. १९७७ मध्ये त्याचा पूर्ण धर्मप्रांत झाला. रविवारी उपासनेला येणाऱ्यांत शिक्षक असतात, परिचारिका असतात, रेल्वेतून निवृत्त झालेले असतात. प्रश्न त्यांचेही तेच: मुलाला परदेशी पाठवू का? आलेले स्थळ स्वीकारू का? आईला शस्त्रक्रियेला न्यावे की घरीच सांभाळावे? त्यांच्याजवळ मुहूर्त नाही आणि पत्रिका नाही. पण त्यांच्या बोलण्यात एक वाक्य वरचेवर येते: प्रभूने मला सांगितले.

या वाक्याचा हा आढावा आहे. ते खरे कधी असते, आपल्याच इच्छेला चढवलेला तो झगा कधी असतो, आणि दोन हजार वर्षांत ख्रिस्ती लोकांनी हा फरक ओळखायला काय काय केले, हे पाहायचे आहे. हा प्रश्न मला जवळचा वाटतो, कारण या एका वाक्यावर माणसांनी आयुष्ये उधळली आहेत, आणि त्याच वाक्याने दुसऱ्यांची आयुष्ये मोडलीही आहेत.

खूण मागण्याची ओढ सगळ्यांत जुनी. बायबलमध्येच गिदोन आहे. त्याने खळ्यात लोकर पसरली आणि एका रात्री दव फक्त लोकरीवर पडावे, दुसऱ्या रात्री फक्त जमिनीवर, असे देवाकडे मागितले. खूण मिळाली. पण ती कथा नीट वाचली तर दिसते की देवाने काय करायचे ते त्याला आधीच सांगून ठेवले होते. लोकर ही भित्र्या माणसाची सोय होती, आणि देवाने ती दयेने सोसली. चिठ्ठ्या टाकण्याचा प्रकारही बायबलात आहे. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना शिष्यांनी चिठ्ठ्याच टाकल्या आणि मत्थियाचे नाव निघाले. मात्र त्यानंतर लगेच, पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, पवित्र आत्मा उतरला, आणि पुढे प्रेषितांच्या सबंध इतिहासात चिठ्ठी पुन्हा दिसत नाही. तिची जागा चर्चेने, उपासाने, वादाने आणि एकमताने घेतली. हा योगायोग नसावा, असे अनेक भाष्यकार मानतात, आणि मलाही तसेच वाटते.

तरीही चिठ्ठी गेली नाही. जर्मनीतल्या हर्नहूटच्या मोरावियन बंधूंनी अठराव्या शतकात मिशनरी कुठे पाठवायचा इथपासून कोणी कोणाशी लग्न करायचे इथपर्यंत निर्णय चिठ्ठीवर सोपवले. मेथडिस्ट चळवळीचा जनक जॉन वेस्ली यानेही १७३९ मध्ये ब्रिस्टलला जावे की नाही हे ठरवायला आपल्या मित्रमंडळात चिठ्ठ्या टाकल्या. पण तोच वेस्ली पुढे प्रवचनातून सावध करू लागला: देवाची इच्छा कळायला स्वप्ने आणि विशेष प्रेरणा यांची वाट पाहत बसू नका, शास्त्रात देवाची सर्वसाधारण इच्छा दिलेली आहे, ती आपल्या परिस्थितीला कशी लागू पडते हे बुद्धीने आणि अनुभवाने ठरवा. ज्याने स्वतः चिठ्ठ्या टाकल्या होत्या त्याचाच हा इशारा असल्याने त्याला वजन आहे.

आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांत चिठ्ठीचा एक गोड अवतार आहे, वचनपेटी. लहानशा डब्यात बायबलमधल्या अभिवचनांच्या गुंडाळ्या, सकाळी एक काढायची. मोरावियनांचीच दुसरी देणगी म्हणजे १७३१ पासून दरवर्षी छापली जाणारी दैनिक वचनांची पुस्तिका. या गोष्टींना हसू नये. डीट्रिख बोनहॉफर हा जर्मन धर्मशास्त्री १९३९ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचला होता. हिटलरच्या तावडीतून सुटून तिथे सुखाने शिकवत राहावे, अशी मित्रांनी त्याची सोय केली होती. त्याचे मन लागेना. २६ जूनला त्याने त्या दिवसाचा पाठ वाचला. पौलाने तीमथ्याला हिवाळ्यापूर्वी ये म्हणून लिहिलेला निरोप होता. एका म्हाताऱ्या कैद्याने तरुण मित्राला घातलेली ती साधी गळ, पण बोनहॉफरला ती सोडेना. जुलैत तो जहाजाने परत निघाला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी झाली. वरवर पाहता ही वचनपेटीचीच गोष्ट आहे. फरक असा की त्या वचनाने त्याला नवे काही सांगितले नाही. आपल्या लोकांचे दुःख वाट्याला घेतले नाही तर उद्या त्यांच्यात उभे राहण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही, हे त्याला आधीच कळून चुकले होते. वचनाने त्याच्या मनातल्या सत्यावर बोट ठेवले. शिवाय ते त्याला सुखाकडून संकटाकडे घेऊन गेले. जे वचन आपल्याला नेहमी हवे तिकडेच नेते, त्याच्याकडे संशयाने पाहावे.

खुणांपेक्षा खोल जाणारी रीत जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने दिली. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या तो दोन प्रकारची दिवास्वप्ने पाही. एकात तो सरदार होऊन एका थोर स्त्रीची मर्जी संपादन करी, दुसऱ्यात संतांसारखा अनवाणी यात्रेला निघे. पाहताना दोन्ही तितकीच सुखद वाटत. पण पहिले सरले की मन कोरडे पडे, दुसरे सरल्यावरही आनंद टिकून राही. एवढ्या लहान निरीक्षणावर त्याने विवेकाची सबंध पद्धत उभारली. विचार आला तेव्हा कसे वाटले हे पाहायचे नाही, तो ओसरल्यावर मागे काय उरले ते पाहायचे. त्याचा दुसरा नियम रोजच्या जगण्यात फार उपयोगी आहे: मन खचलेले, अंधारलेले असेल तेव्हा उजेडात घेतलेला निर्णय बदलू नये. किती नोकऱ्या, किती संसार, किती व्रते अशा एका काळ्या संध्याकाळी सोडली जातात, हे पाहिले म्हणजे या नियमाची किंमत कळते. त्याचे जेझुइट दिवसातून दोनदा थांबून आजच्या दिवसात देव कुठे जवळ होता आणि आपण कुठे पाठ फिरवली हे तपासतात. मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण रचणारे फादर थॉमस स्टीफन्स याच शिस्तीतले. १५७९ मध्ये ते गोव्याला पोहोचले आणि १६१६ मध्ये ते पुराण छापले गेले.

आता आपल्या माणसांकडे येतो, कारण या प्रश्नाचा सगळ्यांत मोकळा आणि सगळ्यांत सोसलेला पुरावा मराठीत आहे.

१८९३ मध्ये नारायण वामन टिळक नोकरीसाठी राजनांदगावला निघाले होते. आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले. त्याने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे म्हणाला. टिळकांनी नाव विचारले नाही. पुस्तक मिळाले म्हणून ते वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रवाशाने सांगितलेली मुदत पुरती भरलीही नव्हती.

उपदेशक ही गोष्ट इथेच संपवतात. पण ती अर्धी आहे. उरलेली अर्धी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिली, आणि मराठी गद्यात तिच्या तोडीचे थोडेच आहे. टिळकांना हाक आली, पण त्या हाकेचे बिल लक्ष्मीबाईंच्या नावावर फाटले. नवरा जिवंत असून त्या वर्षानुवर्षे त्याच्यापासून वेगळ्या राहिल्या, पदरात लहान मूल, नातेवाइकांच्या आश्रयाने, लोकांच्या कुजबुजीत. टिळकांनी बाप्तिस्म्याआधी त्यांना नीट विश्वासात घेतले नव्हते. त्यांची हाक खोटी होती असे मी म्हणणार नाही. पुढचे पाव शतक त्यांनी ती आपल्या श्वासाने खरी केली. पण हाक खरी असली तरी ती पाळण्याची रीत चुकू शकते, हे या घरातून शिकावे. मार्गदर्शन मिळाले असे म्हणणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा: याची किंमत कोण भरणार आहे? मी, की मला ज्यांनी हे विचारलेच नाही ते?

लक्ष्मीबाईंना स्वतःला मार्ग कसा कळला, हे तर आणखी मोलाचे. त्यांना आगगाडीत कोणी भेटले नाही. नवऱ्याकडे परतल्यावरही त्या सोवळेओवळे पाळत, आपले पाणी वेगळे भरत. मग एकदा एकट्या बसलेल्या असताना त्यांच्या मनात जातीचा विचार सुरू झाला. देवानेच जाती केल्या असत्या तर पशुपक्ष्यांमध्ये दिसतो तसा काही फरक त्याने माणसांच्या शरीरांत ठेवला असता. तसा फरक दिसत नाही, तेव्हा हा माणसांचा उद्योग. एवढे पटले आणि त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरवले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कसला प्रकाश नाही, आवाज नाही. स्वयंपाकघरात आयुष्य घालवलेल्या, शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाईने सरळ विचार केला आणि तो शेवटपर्यंत नेला. ज्यांना वाटते की देव फक्त विचार थांबल्यावर बोलतो, त्यांनी ते प्रकरण पुन्हा वाचावे. देवाने दिलेल्या डोक्याने विचार करणे हीही प्रार्थना असू शकते.

टिळकांची परीक्षा मात्र संपली नव्हती. बावीस वर्षे मिशनमध्ये काढल्यावर १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यासी म्हणून राहू लागले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. ख्रिस्ताला परक्या पोशाखात दाखवले जाते, ही त्यांची व्यथा अनेक वर्षांची होती. या वेळी त्यांनी घाई केली नाही आणि ओझे दुसऱ्यावर टाकले नाही. स्वतःचा पगार, स्वतःचे स्थान त्यांनी दिले. ९ मे १९१९ ला ते वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या सबंध प्रश्नाला पुरून उरेल. त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा ख्रिस्ती व्हायचे असे ठरवून गेल्या नव्हत्या. वाँटेजच्या जोगिणी पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना कशा जवळ करतात हे त्यांनी पाहिले आणि विचारले, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. रमाबाईंच्या मनाला खूण पटली ती शास्त्राधाराआधी या कामाने. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि त्यांची लहानगी मुलगी मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी विवेक गहाण टाकला नाही. ज्यांच्या छत्राखाली त्या राहत होत्या त्या अँग्लिकन मंडळींना वाटे की नवख्या ख्रिस्ती स्त्रीने धर्माधिकाऱ्यांचे ऐकावे. पुरुष विद्यार्थ्यांना तिने शिकवावे की नाही याचाही निर्णय बिशपांनी घ्यावा, असे मानले जाई. रमाबाईंची वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे, देवाने दिलेला विचार आपण दुसऱ्याच्या हवाली करणार नाही, हे त्यांनी नम्रपणे पण ठामपणे कळवले. पुरोहितशाहीच्या एका जोखडातून सुटून दुसऱ्यात मान द्यायला त्या तयार नव्हत्या. इथे दोन खऱ्या गोष्टींची टक्कर आहे. एकट्याचा आतला आवाज फसवू शकतो म्हणून मंडळी हवी. आणि मंडळी सत्तेला चटावते म्हणून आतला आवाज हवा. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक जगाने यावर ग्रंथ लिहिले. एका पंचविशीतल्या मराठी विधवेने पत्रांतून तो ताण जगून दाखवला.

मग दुष्काळ आला. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या प्रार्थनाशिबिरात रमाबाई आपल्या आश्रमातल्या पंधरा मुलींसह होत्या. ही संख्या पंधरापटीने वाढावी, दोनशे पंचवीस व्हावी, अशी प्रार्थना त्यांनी केली. मागताना त्यांनाही ती धाडसाची वाटली असणार. त्याच सुमारास मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या. रमाबाईंनी तरुणपणी अशाच उपासमारीत आईवडील आणि बहीण गमावली होती. त्या भुकेची आठवण त्यांच्या हाडांत होती. जवळ पैसा नव्हता. अमेरिकेतल्या मदत मंडळाने दहा वर्षांसाठी दिलेला शब्द संपत आला होता. तरी त्या निघाल्या आणि मुलींना घेऊन आल्या. १८९७ मध्ये प्लेगमुळे पुण्यात इतक्या मुली ठेवायला सरकारी मनाई झाली, तेव्हा शारदा सदन या त्यांच्या पुण्याच्या आश्रमाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला आधीच घेतलेली शेतजमीन कामी आली. मुक्ती सदन तिथे उभे राहिले.

या घटनेत मार्गदर्शनाचे सगळे धागे एकत्र दिसतात. मागणी होती, पण ती संकटाने आकारली. आतली ओढ होती, पण तिला स्वतःच्या जुन्या दुःखाने दिशा दिली. बंद दार होते, पुण्याची मनाई. आणि आधीच तयार असलेली जागा होती, जिचा उपयोग काय होणार हे ती घेताना कोणालाच ठाऊक नव्हते. रमाबाईंनी त्या आधी जॉर्ज म्युलर आणि चीनमधले मिशनरी हडसन टेलर यांची चरित्रे वाचली होती. ब्रिस्टलच्या अनाथालयांच्या या म्युलरची रीत सांगण्यासारखी आहे. तो आधी आपली इच्छा बाजूला ठेवण्याचा यत्न करी, कारण अडचणींपैकी बहुतेक तिथेच असतात असे त्याचे मत होते. मग केवळ भावनेवर न विसंबता शास्त्र पाही, परिस्थिती काय सांगते ते पाही, प्रार्थना करी, आणि मन काही काळ शांत राहिले तरच पाऊल उचली. केडगावला विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, छापखाना चालला. १९०५ मध्ये मुक्तीत जे आध्यात्मिक जागरण झाले, त्यातल्या रडण्याओरडण्यावर आणि अन्य भाषांतल्या बोलण्यावर बाहेरून टीका झाली. रमाबाईंनी त्याचा बचाव केला, पण शेवटचे माप आयुष्यात काय बदलले हेच ठेवले. आणि त्या सगळ्या गदारोळात त्या स्वतः मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करत बसल्या होत्या. १९२२ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी ते पुरे केले. ज्याला आपण मार्गदर्शन म्हणतो त्याचा फार मोठा भाग असा टेबलाशी बसून घडतो.

मंडळीचा मुद्दा जरा अधिक बोलण्यासारखा आहे. पहिल्या शतकात यरुशलेमेत सभा भरली. यहूदी नसलेल्यांनी सुंता करावी का, हा वाद होता. दोन्ही बाजू बोलल्या, अनुभव सांगितले गेले, शास्त्र पाहिले गेले, आणि मग ठराव झाला. त्यात पवित्र आत्म्याचे आणि आमचे असे ठरले, अशा अर्थाचे शब्द आहेत. आत्मा एकटा बोलला असे त्यांनी म्हटले नाही, आपणच ठरवले असेही म्हटले नाही. क्वेकर लोक आजही लग्नासारख्या निर्णयासाठी चारपाच विश्वासू माणसांना बोलावतात. ती माणसे सल्ला देत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात, आणि मधल्या शांततेत बसून राहतात. आपल्या गावोगावच्या मंडळ्यांत असे काही सुरू झाले तर किती घरे वाचतील.

कारण आज उलटे होत आहे. मोबाइलवर रोज सकाळी कोणा स्वयंघोषित संदेष्ट्याचा आवाज येतो: या महिन्यात तुमच्या घरात बढती आहे, अमुक देणगी द्या, तमुक स्थळ नाकारा. पंचांगातल्या भविष्याला अंधश्रद्धा म्हणणारा माणूस हेच भविष्य बायबलच्या वेष्टनात विनाप्रश्न घेतो. काही मंडळ्यांत पाळकाच्या मर्जीविरुद्ध गेले की देवाविरुद्ध गेलात, असे ऐकवले जाते. १९७८ मध्ये गयानातल्या जोन्सटाउन इथे जिम जोन्स या पंथप्रमुखाच्या शब्दावर नऊशेहून अधिक माणसे मेली. ते टोक झाले. पण तिथे पोहोचणारी वाट नेहमी अशा लहान लहान आज्ञांनीच सुरू होते. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला भविष्यवाणी तुच्छ मानू नका असे सांगितले आणि लगेच सगळे पारखून घ्या असेही सांगितले. योहानाच्या पहिल्या पत्रात प्रत्येक आत्म्याची परीक्षा करायला सांगितले आहे. ज्या मंडळीत पारखायला बंदी आहे, तिथे हाक आहे असे मी मानत नाही.

किंमत कोण भरतो या कसोटीकडे परत येतो, कारण माळव्याने तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण दिले आहे. उज्जैनला लागून असलेल्या देवास जिल्ह्यात उदयनगर आहे. तिथे केरळातून आलेल्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट जोगीण सिस्टर राणी मारिया आदिवासींमध्ये काम करत. त्यांनी बचत गट उभे केले, बँकेची आणि सरकारी योजनांची दारे दाखवली, सावकाराच्या विळख्यातून माणसे सोडवायला सुरुवात केली. ज्यांची मिळकत आटू लागली त्यांना ते रुचले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये होत्या. वाटेत समंदर सिंह नावाच्या तरुणाने बस थांबवून त्यांच्यावर सुऱ्याने वार केले. त्या वेळी त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या.

समंदर सिंह तुरुंगात गेला. स्वामी सदानंद म्हणून ओळखले जाणारे, संन्याशासारखे राहणारे एक कॅथलिक धर्मगुरू त्याला भेटत राहिले. २००२ च्या राखीपौर्णिमेला राणी मारियांची सख्खी बहीण, त्याही जोगीणच, सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली. तो सुटला, केरळात त्यांच्या घरी गेला, आणि आईने त्याचे हात हातात घेतले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित करण्यात आले, त्या समारंभाला तोही होता.

सेल्मी पॉल यांना खून झाल्याच्या दुसऱ्या दिवशीच क्षमेचा आदेश ऐकू आला असे समजणे सोपे आहे. मधली सात वर्षे पाहिली म्हणजे निराळे वाटते. क्षमा करावी हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाला माहीत असते. त्यासाठी वेगळ्या दर्शनाची गरज नसते. बहुतेक वेळा देवाची इच्छा आपल्याला कळते, आपल्याला हवा असतो तो तिच्यातून सुटण्याचा रस्ता. त्या बहिणीला राखीची कल्पना सुचली ती या मातीत राहून, इथल्या सणाचे मोल जाणून. मार्गदर्शन आकाशातून कोरे येत नाही. ते आपण ज्या माणसांत राहतो त्यांची चालरीत वापरते.

वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे असेच झाले. ते ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक होते, बायबलचे भाषांतर करत होते. पण वसईची हिरवळ आणि पाणी ओरबाडले जाऊ लागले, गुंडगिरी माजली, तेव्हा धर्मगुरूने वेदीपाशी थांबावे की रस्त्यावर यावे हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. ते हरित वसईच्या आंदोलनात उतरले, धमक्या सोसल्या, आणि तरीही ‘सुबोध बायबल’ पूर्ण केले. एका हाकेने दुसरी रद्द केली नाही. पुष्कळ भाविक याच ठिकाणी अडखळतात, घर की सेवा, नोकरी की प्रार्थना, असे एकच काहीतरी देवाने निवडून द्यावे म्हणून बसून राहतात.

उरला तो सगळ्यांत कठीण भाग. ज्यांना काहीच ऐकू येत नाही त्यांचे काय? साक्षींच्या सभेत उभे राहून अजून उत्तर आले नाही असे सांगणारे कोणी दिसत नाही, आणि म्हणून अशा माणसांना वाटते की खोट आपल्यातच आहे. त्यांना नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांची ओळख करून द्यावीशी वाटते. १८२५ मध्ये झाशीजवळ जन्मलेले, काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित. त्यांचे घराणे उत्तरेत स्थिरावलेल्या मराठी घराण्यांपैकी एक, उज्जैनच्या मराठी घरांसारखेच. मिशनऱ्यांचे खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला, तोही मोठ्या झुंजीनंतर. षड्दर्शनांवर हिंदीत ग्रंथ लिहिला, पुरोहित झाले, अँग्लिकन संन्याशांच्या मठात उमेदवार म्हणून राहिले. पण शंकांनी त्यांना कधीच पूर्ण सोडले नाही. आपण योग्य जागी आहोत अशी स्वस्थ खात्री त्यांना लाभली नाही, आणि अखेरची व्रते त्यांनी घेतली नाहीत. १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते शिकवत राहिले, लिहीत राहिले, प्रश्न विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला वेळ देत राहिले.

अशा विचारणाऱ्यांत रमाबाई होत्या. वाँटेजला त्यांची बुद्धी अनेक अडचणींशी झगडत होती. त्या सोडवायला इंग्रज पंडितांपेक्षा गोऱ्ह्यांच्या पत्रव्यवहाराचा आपल्याला अधिक उपयोग झाला, हे ऋण रमाबाईंनी पुढे जाहीरपणे मानले. तोवर गोऱ्ह्यांचे स्वतःचे प्रश्न मिटले नव्हते.